वाळूजला कामाला लागलास, आता एवढं लक्षात ठेव

बाळा, चर्चमधली उपासना आठवड्यातून एकदा, शिफ्ट मात्र रोज. सुपरवायझरने मालाचा आकडा वाढवून लिहायला सांगितला तर नम्रपणे नाही म्हण. स्टेटसला बायबलचं वचन टाकण्याआधी वागण्यातून ही साक्ष दे.

सगळ्यात जास्त अडशील ते प्रसादापाशी. बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १० एकत्र वाच. कुणी जेवायला बोलावलं तर पौल म्हणतो, जा, पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा; पण हा नैवेद्य आहे असं कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नकोस. तेव्हा मित्राच्या लग्नाला, हुरड्याला, ईदच्या शिरखुर्म्याला जरूर जा. प्रसाद पुढे आला तर हात जोडून प्रेमानं नको म्हण. तोंड वाकडं करू नकोस, वाद तर मुळीच घालू नकोस. (आपल्या चर्चच्या मंडळीत काहीजण याहून कडक आहेत. त्यांचाही मान राख.)

आणि ख्रिस्ती म्हणून कुणी आपल्याला परके म्हटलं तर घाबरू नकोस. नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, कवी ना. वा. टिळकांनी कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. भजन मोकळ्या गळ्यानं म्हण.

रविवारी ड्युटी लागली तर पाळकसाहेबांना आधी कळव, आणि आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनेला ये.