पत्रिकेवरची अक्षरं कागदातून उठावीत म्हणून

प्रश्न : मुलीच्या लग्नाची पत्रिका घरीच फोटोशॉपमध्ये करतोय. वर ‘॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥’ आहे. ते शाईविना, नुसतं कागदातून उठल्यासारखं हवंय. ‘बेव्हल अँड एम्बॉस’ (अक्षरांना उठाव देणारा इफेक्ट) दिलं, पण अक्षरं प्लास्टिकची, वरून चिकटवल्यासारखी दिसतात.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : उठावाच्या अक्षराला स्वतःचा रंग नसतो. कागद तोच, फक्त त्यावर उजेड-सावली पडते. तुमच्या अक्षरांना रंग राहिलाय, म्हणून ती वेगळी वस्तू वाटतात. त्या लेअरचं ‘फिल’, म्हणजे अक्षराच्या स्वतःच्या रंगाचं प्रमाण, ० टक्के करा. लेअरच्या ‘ओपॅसिटी’ला हात लावू नका, ती कमी केली की इफेक्टही फिका होतो.

कागद पांढराशुभ्र ठेवू नका. पांढऱ्यावर उजळ बाजू दिसतच नाही, नुसती सावली उरते. लाल २३८, हिरवा २३४, निळा २२४ असा किंचित मळकट रंग घ्या आणि त्यावर बारीक दाणे टाकणारं ‘ॲड नॉइज’ २ टक्के, मोनोक्रोमॅटिक, म्हणजे रंगीत ठिपके नकोत. फिल शून्य असल्यामुळे हाच पोत अक्षरांवरूनही सलग जातो. खरा कागद वाटतो तो यामुळेच.

मग ‘बेव्हल अँड एम्बॉस’मध्ये स्टाइल ‘इनर बेव्हल’, टेक्निक ‘स्मूद’, डेप्थ १०० टक्के. ‘पिलो एम्बॉस’ नको, त्याने अक्षराभोवती उशीच्या शिवणीसारखी खाच पडते. सावलीचा काळा रंग बदलून कागदाचीच गडद, तपकिरी छटा द्या, त्या सावलीची ओपॅसिटी ३५ ते ४०. उजळ बाजूची ६०. कोन १२०, म्हणजे उजेड डावीकडून वरून. खालून दिलात तर अक्षर आत दबल्यासारखं दिसेल.

खरी गडबड होते ती ‘साइज’मध्ये. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १ मिमी जाडीची शिरोरेषा साधारण १२ पिक्सेल भरते. साइज ६ वर गेला की दोन्ही काठांचे उतार मधोमध भेटतात, सपाट माथा उरत नाही. शिरोरेषेला छपराच्या आढ्यासारखी धार येते आणि ‘अं’वरचा अनुस्वार पुळीसारखा टोकदार होतो. साइज ४, सॉफ्टन १ ठेवा. ‘श्री’ आणि ‘न्न’ १०० टक्के झूमवर तपासा. तिथं गिचमिड झाली असेल तर आकड्यांशी खेळत बसू नका, अक्षरच ठसठशीत घ्या. बारीक फाँटला उठाव शोभत नाही.

व्हॉट्सॲपसाठी चित्र लहान करायचं तर आधी ‘फ्लॅटन’ करा, म्हणजे सगळे लेअर एक करा. उठावाचा साइज पिक्सेलमध्ये असतो. चित्राबरोबर इफेक्टही लहान करणाऱ्या ‘स्केल स्टाइल्स’ची खूण नसेल तर चित्र आकसतं आणि उठाव तेवढाच राहून फुगतो.

प्रश्न : असा इफेक्ट दिलेली पत्रिकेची फाइल खऱ्या एम्बॉसिंगला, म्हणजे कागद दाबून उठाव काढायला दिली, तर प्रेसनं परत पाठवली. का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ब्लॉक, म्हणजे उठावाचा ठसा, करणाऱ्याला सावली नको असते. कुठं उठाव आणि कुठं नाही, एवढंच त्याला कळायला हवं. इफेक्ट काढून अक्षरं ठार काळी, व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात) द्या आणि कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे फाँटवर न अवलंबणारे आकार करून द्या, नाहीतर तुमचा फाँट त्यांच्याकडे नसला की जोडाक्षरं मोडतात. बाकीच्या छपाईची फाइल वेगळी, पण माप तेच. कागद २५० ते ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) घ्या. उठावाच्या पाठीमागे खळगा उमटतो, म्हणून मागच्या बाजूला तेवढ्या जागेत मजकूर ठेवू नका.