‘दिली’ या शब्दात दडलेलं रहस्य

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी दोनदा वाचली. पहिल्यांदा एका रात्रीत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो आणि एकोणिसाव्या प्रकरणात अडलो. वडिलांच्या तेराव्याला दारात उभी राहिलेली बाई ही नायिकेची जुळी बहीण, हे तिथे पहिल्यांदा कळतं. मी दचकलो, पण फसवल्यासारखंही वाटलं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यातला शेवटचा जुळ्यांचाच आहे: वाचकाच्या मनाची तयारी केल्याशिवाय जुळी आणू नयेत. तेव्हा सुरुवातीलाच आजीच्या पेटीत एकाच कापडाच्या दोन कुंच्या सापडू देत. वाचकाला जुळेपण खुशाल कळू दे.

मग रहस्य उरतं ते ‘दिली’ या शब्दात. धाकटी निपुत्रिक आत्याला ‘दिली’, असं घरातलं प्रत्येक माणूस म्हणतं. पण कशी दिली? रीतसर दत्तक, की नुसती सांभाळायला? तुझं सगळं कथानक या प्रश्नावर उभं राहू शकतं. दत्तक गेलेल्या मुलीचं जन्मघराशी कायद्याने नातं तुटतं. पुढे वडील गेले तर ती त्यांची वारस नसते. सांभाळायला दिलेली मात्र थोरलीइतकीच वारस. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात दत्तहोम झाला नसला तरी चालतं, दत्तकपत्राची नोंदणीही सक्तीची नाही. पण मूल प्रत्यक्ष द्यावं-घ्यावं लागतं, आणि आई हयात असेल आणि कोर्टाने तिला मनोरुग्ण ठरवलेलं नसेल तर बापाला तिची संमती लागते. म्हणजे कागद नसलेल्या घरात सगळं एका बाईच्या ‘हो’वर टांगलेलं. ती बाई तुझ्या कादंबरीत जिवंत आहे, आणि तू तिला दुसऱ्या प्रकरणात चहा करायला लावून विसरलीस!

भावाने वारसनोंदीच्या अर्जात धाकटीचं नाव गाळलं, एवढं दाखवलंस तरी पुरे. तळघरातली कवटी काढून टाक. तलाठ्याकडच्या नोंदवहीत एक नाव कमी असणं त्याहून भयंकर आहे, कारण ते घराघरांत घडतं.

एक चूक मात्र आजच दुरुस्त कर. इन्स्पेक्टर रक्ताच्या डागाच्या डीएनएवरून धाकटीला पकडतो. एकबीज जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखाच येतो. बोटांचे ठसे वेगळे असतात. त्या रेषा गर्भात प्रत्येकीच्या वेगळ्या घडतात. पाण्याच्या तांब्यावरचा ठसा घे.

आमच्या घरातही एक ‘दिलेली’ आत्या होती. दिवाळीला यायची, पाहुणीसारखी पाटावर बसायची. ती निघाली की आजी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. भांडी घासल्याचा आवाज तेवढा येत राही, घासलेलीच भांडी पुन्हा घासल्याचा. आजी काय म्हणाली असेल त्या दिवशी, हे विचारायचं राहून गेलं.

तुझ्या कादंबरीतल्या आईला मूल दिल्याचा तो दिवस आठवू दे. कोणी मूल उचललं, ती कुठे उभी होती, तिला कोणी विचारलं का. ते प्रकरण सगळ्यांत आधी लिही आणि दुसरं काही जोडायच्या आत मला पाठव. वाट पाहतो.

कळावे,
तुझा काका