फाइल का जात नाही? लिनक्सवाल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सांगलीत माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. डिझाइनचं काम पुढच्या विंडोज मशीनवर होतं. फाइली साठवायला म्हणून पुतण्याने मागच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर उबंटू लिनक्स टाकून दिलं. फाइली पाठवायच्या फाइलझिला प्रोग्राममधून जोडायला गेलं की कधी ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं, कधी ‘टाइम्ड आउट’. पुतण्या आता नोकरीला पुण्यात. उबंटू काढून पुन्हा टाकू का?

उत्तर : अजिबात नको. ‘पुन्हा टाकून बघा’ सांगणाऱ्यांना काय बिघडलंय हे शोधायचंच नसतं. तुम्ही मात्र दोन्ही निरोप जसेच्या तसे लिहून पाठवलेत, तिथेच अर्धं काम झालं.

‘रिफ्यूज्ड’ आलं म्हणजे तुमची हाक मागच्या मशीनपर्यंत पोचली आणि तिकडून नकारही आला. बहुतेक वेळा कारण एकच, त्या पोर्टवर (म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ऐकणारा प्रोग्रामच नाही. ‘टाइम्ड आउट’मध्ये कुणी ओ सुद्धा दिलेली नसते. फाइलझिला आपणहून वीस सेकंद थांबतो आणि नाद सोडतो.

आधी रिफ्यूज्डचं बघू. उबंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत दुसऱ्या मशीनशी जोडणारा एसएसएच असतो, पण बाहेरून येणाऱ्याला आत घेणारा सर्व्हर आपोआप येत नाही. टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ ही आज्ञा द्या (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायची). मग ‘एसएस -टीएलएन’. जी यादी येईल तिच्यात पत्त्यापुढे :२२ दिसलं की मागची बाजू तयार.

तरीही रिफ्यूज्डच आलं तर फाइलझिलाच्या वरच्या पट्टीत पोर्टची चौकट बघा. ती रिकामी असली की तो २१ वर जातो. ते फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीचं, एफटीपीचं पोर्ट. तुम्हाला एसएसएचमधून फाइली नेणारं एसएफटीपी हवंय, तिथे २२ लिहा. नावं सारखी असली तरी या दोघांचं घराणं वेगळं. एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतो. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरीला गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. एफटीपीचं २१, दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटचं २३, आणि मधलं २२ मोकळं होतं. ते त्यांनी मागून घेतलं.

आता टाइम्ड आउट. माझा पहिला संशय राउटरवर. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की तो कधीकधी वेगळा आयपी पत्ता देतो आणि तुम्ही कालच्याच पत्त्यावर हाका मारत बसता. उबंटूवर ‘आयपी ए’ लिहून आजचा पत्ता बघा, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये तो या मशीनसाठी कायमचा राखून ठेवा. पुढचं मशीन गिऱ्हाइकांसाठीच्या गेस्ट वायफायवर असेल तरी हेच होईल, कारण बरेच राउटर गेस्टला आतली मशीनं दिसूच देत नाहीत. पुतण्याने जाताजाता फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारी राखण) चालू केली असेल, तर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच’. ही फायरवॉल नकार कळवत नाही, आलेलं गुपचूप टाकून देते.

प्रश्न : ताई, मी नाशिकला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उबंटू मशीनवर एसएसएचने लॉगिन व्यवस्थित होतं. पण विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएफटीपी केलं की ‘रिसीव्हड मेसेज टू लाँग ३७६८८८७५२०’ येऊन सगळं बंद पडतं. पासवर्ड बरोबर आहे. मी एवढा मोठा मेसेज पाठवलेलाच नाही!

उत्तर : पाठवला आहेस. तू बॅशआरसी फाइलमध्ये (मशीनवर शिरलं की आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) स्वतःसाठी ‘नमस्कार’ छापणारी ओळ लिहिली आहेस ना? मला तुझ्या मशीनमधलं काही दिसत नाही, तो आकडाच बोलतोय.

एसएफटीपीच्या प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला चार बाइट असतात, पुढचा मजकूर किती लांब आहे ते सांगणारे. तुझ्या मशीनने पाकिटाआधी नमस्कार घातला. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) ‘न’ म्हणजे २२४, १६४, १६८ हे तीन बाइट आणि ‘म’चा पहिला पुन्हा २२४. पलीकडच्या प्रोग्रामने हे चार बाइट लांबी म्हणून वाचले आणि उत्तर आलं ३७६८८८७५२०, म्हणजे साडेतीन जीबीचं पाकीट. तो घाबरणारच. कॅल्क्युलेटर घेऊन २२४ ला २५६ ने गुण, पुढचा बाइट मिळव, पुन्हा गुण, असं शेवटच्या बाइटपर्यंत करून बघ. ‘वेलकम’ इंग्रजीत लिहिलं असतंस तर आकडा १४६६२६४६७५ आला असता.

लॉगिन करताना हा नमस्कार पडद्यावर दिसतो, म्हणून संशय येत नाही. उबंटूच्या बॅशआरसीत अगदी वर एक तपासणी असते : समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. तू तुझी ओळ तिच्याही वर घातली असणार. ती फाइलच्या तळाशी ने. मग ‘एसएसएच’, तुझं नाव-पत्ता आणि शेवटी ‘ट्रू’ अशी आज्ञा दे. पासवर्डनंतर पडद्यावर एकही अक्षर उमटता कामा नये. नमस्कार ठेव, मला आवडला.

प्रश्न : उबंटू २४.०४ वर एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगच्या एसएसएचडी-कॉन्फिग फाइलमध्ये पोर्ट २२ चं २२२२ केलं, एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली. तरी जुन्याच पोर्टवर जोडलं जातंय. (बडोद्याचे एक वाचक)

उत्तर : २२.१० पासून उबंटूत पोर्टवर कान देऊन बसण्याचं काम एसएसएच-सर्व्हिसकडे नाही, सिस्टिमडीच्या (सगळ्या सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) एसएसएच-सॉकेटकडे आहे. ‘सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’ करा, मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट’. फायरवॉल असेल तर तिच्यात २२२२ आधी उघडा. आणि मशीन दुसऱ्या गावी असेल तर चालू असलेली खिडकी मिटू नका. नव्या पोर्टवरून दुसऱ्या खिडकीत लॉगिन झालं की मगच पहिली बंद करायची.