पारोळ्यात नवीन मेडिकल टाकणाऱ्या भावाला

भाऊ, लायसन हातात आलं, अभिनंदन! आता फर्निचर बाजूला ठेव आणि आधी एच-वन ही औषधांची यादी नीट समजून घे. औषधांच्या याद्या, म्हणजे शेड्यूल, केंद्राच्या 1945 च्या नियमांत आहेत. लायसन देणं अन् दुकान तपासणं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे.

शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, एवढं तुला ठाऊक आहेच. नवे लोक अडकतात ते एच-वनमध्ये. ही यादी 1 मार्च 2014 पासून लागू झाली. झोपेसाठी घेतात ते अल्प्राझोलाम, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, टीबीची औषधं, आणि रोज खपणारं अँटिबायोटिक सेफिक्झिमसुद्धा तिच्यात आहे. विकताना वेगळ्या रजिस्टरात लिहायचं: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग. रजिस्टर 3 वर्षं जपायचं.

सुरुवातीच्या चुका सांगतो, त्यातली पहिली माझीच:

- "संध्याकाळी लिहू" म्हणणं. भरीताच्या सीझनात गिऱ्हाईक तुटून पडलं, चार दिवसांच्या नोंदी राहिल्या आणि नेमकी पाचव्या दिवशी तपासणी.
- ओळखीपायी झोपेची गोळी देणं. "अरे भो, मी काय परका का?" असं म्हणणारे रोज येतील. चिठ्ठी मागायचीच.
- फार्मासिस्ट कागदावर, काउंटरवर भाचा.

शेड्यूल एक्स, म्हणजे भुलीचं केटामाइन वगैरे, सध्या ठेवूच नको. त्याला वेगळं लायसन लागतं, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठीची प्रत 2 वर्षं सांभाळावी लागते. ते वर्षभरानंतर बघू. उद्या ये, माझं रजिस्टर दाखवतो.