अ‍ॅड्रेनलिन पेशीत न शिरता आतले काम कसे सुरू करते?

अ‍ॅड्रेनलिन हे ताणाच्या वेळी रक्तात सुटणारे संप्रेरक यकृताच्या पेशीत शिरतच नाही. पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेल्या बीटा-२ ग्राहीला (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) ते बाहेरून चिकटते, त्यामुळे ग्राहीची आतली बाजू किंचित उघडते आणि त्या खाचेत जी-प्रथिनाचे, म्हणजे अल्फा, बीटा व गॅमा अशा तीन घटकांच्या निरोप्या प्रथिनाचे, टोक बसते. माझ्या मते सर्वांत सुंदर टप्पा हाच: अल्फा घटकाने धरून ठेवलेला जीडीपी हा छोटा रेणू सुटतो, त्याची जागा एक फॉस्फेट जास्त असलेला जीटीपी घेतो आणि अल्फा घटक बीटा-गॅमा जोडीपासून वेगळा होऊन अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) चालना देतो. त्यातून बनलेल्या सायक्लिक एएमपी या पेशीतल्या संदेशवाहक रेणूमुळे प्रथिन कायनेज ए हे दुसरे विकर कार्यान्वित होते व साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ग्लुकोज सुटू लागते. पुढे अल्फा घटक स्वतःच जीटीपीचे विघटन करून संदेश थांबवतो. आतड्याच्या पेशींत पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूंचे विष नेमके हे थांबणेच रोखते, म्हणून रुग्णाच्या शरीरातून पाणी वाहतच राहते.