स्नोबोर्डवरचा ‘स्विच’: उलटा, डावखुरा की पायपालट?

प्रश्न असा आला आहे: “मी गुलमर्गला स्नोबोर्ड शिकतोय. माझा डावा पाय पुढे असतो. आता प्रशिक्षक उजवा पाय पुढे घेऊन उतरायला लावतात, त्याला ते ‘स्विच’ म्हणतात. घरी मराठीत कळवताना मी ‘उलटा घसरतो’ असं लिहिलं, तर आईला वाटलं मी पाठमोरा खाली येतोय. ‘डावखुऱ्या पद्धतीनं’ लिहिलं, तर भाऊ म्हणाला, तू तर उजव्या हाताचा. याला नेमका शब्द कोणता?”

आईचा गैरसमज रास्त आहे, चूक शब्दाची आहे. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा असतो, छाती फळीच्या एका कडेकडे आणि मान उताराकडे. पाय दोन्ही बाइंडिंगमध्ये, म्हणजे फळीवर बसवलेल्या बुटांच्या पकडींत, आवळलेले. त्यामुळे पुढचा पाय बदलायचा म्हणजे पाय उचलायचाच नसतो, फळीचं शेपूट पुढे करून निघायचं असतं. यात पाठ उताराकडे होत नाही. पाठ उताराकडे होते ती फळीच्या चवड्यांकडच्या कडेवर आडवं घसरताना, कारण तेव्हा तोंड डोंगराकडे असतं. ‘पाठमोरा’ हा शब्द त्या प्रकारासाठी जपून ठेवावा. ‘उलटा’ही अडचणीचा, कारण हवेत डोकं खाली करून मारलेल्या उडीला दुसरं काय म्हणणार?

‘डावखुरा’चं दुखणं वेगळं आहे. मराठीत तो मुळात हाताबद्दलचा शब्द, आणि हात-पाय एकमेकांचं ऐकतातच असं नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हातानं, फलंदाजी करायचा उजव्या हातानं. त्याला डावखुरा म्हणायचं की नाही, हे कशाबद्दल बोलतोय त्यावर ठरतं. स्नोबोर्डवरही डाव्या हाताची कितीतरी माणसं डावाच पाय पुढे ठेवतात. कोणता पाय पुढे हे ठरवण्याची चाचणीही हाताला विचारत नाही: मागून कुणीतरी अचानक हलकेच ढकलायचं आणि तोल सावरायला कोणता पाय पुढे पडतो ते पाहायचं. डावा पुढे असणाऱ्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा पुढे असणाऱ्याला ‘गूफी’. हे शब्द लाटांवरच्या सर्फिंगमधून बर्फावर आले. गूफीचा इंग्रजी अर्थ वेडगळ असा आहे, आणि तो टोमणा मराठीत आणण्याची मला काही गरज दिसत नाही. उजवा पाय पुढे असण्यात वेडगळ काय आहे? ‘डावा पुढे’, ‘उजवा पुढे’ एवढं म्हटलं की उतारावर कुणालाही कळतं.

आता खुद्द स्विचकडे. इथे मराठीचं घर चांगलंच भरलेलं आहे.

उभं राहण्याच्या ढंगाला आपल्याकडे ‘पवित्रा’ हा तयार शब्द आहे. कुस्ती आणि पट्ट्याच्या खेळातला हा शब्द बातम्यांनी ‘आक्रमक पवित्रा’ करून करून झिजवला, पण मूळ अर्थ अजून जिवंत आहे: पाय कुठे, वजन कुठे, नजर कुठे. स्नोबोर्डवर नेमकं हेच मोजतात. दोन्ही पायांचे चवडे बाहेर वळवून, म्हणजे एक बाइंडिंग +१५ अंश आणि दुसरं −१५ अंश असं लावून, पाय थोडे फेंगडे ठेवले की दोन्ही बाजूंनी सारखंच उतरता येतं. दोन्ही चवडे पुढच्या टोकाकडे वळवलेले असले, तर पाय बदलताच शरीराला पीळ पडतो. म्हणून ‘पवित्रा’ घ्यावाच. पण ‘पवित्रा बदलला’ एवढ्यानं भागत नाही. माणूस गुडघे जास्त वाकवूनही पवित्रा बदलतो.

दुसरा शब्द मला फार मोहात पाडतो: अपसव्य. संस्कृतात सव्य म्हणजे डावा. जानवं डाव्या खांद्यावर ते सव्य, श्राद्धाच्या वेळी उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य. एका बाजूची सवय मुद्दाम दुसरीकडे न्यायची, अगदी स्विचसारखीच क्रिया. पण ते जानवं पुनःपुन्हा इकडून तिकडे करण्यावरून ‘सव्यापसव्य’ म्हणजे उगाचचा खटाटोप असा अर्थ मराठीत इतका घट्ट बसला आहे, की शिकाऊ माणसाच्या तोंडी तो घालवत नाही. स्विच शिकणं हा खटाटोप खराच, पण उगाचचा नाही.

माझं मत ‘पायपालट’ला. हा शब्द नवा आहे, पण त्याची भावंडं जुनी आहेत: सत्तापालट, हवापालट, खांदेपालट. आज मंत्रिमंडळापुरती उरलेली खांदेपालट मुळात पालखीच्या दांड्याखालची. दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर जातो. पालखी तीच, भोई तोच, वाटही तीच; भार आणि चाल कोण सांभाळतं तेवढं बदलतं. स्विचमध्ये फळी तीच, पाय तिथेच आवळलेले, उतारही तोच. पुढारपण तेवढं डाव्याकडून उजव्याकडे जातं. इतकं चपखल साम्य मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडलं नाही. लिंगाचा प्रश्न पडला तर सत्तापालट झाला, तसाच पायपालट झाला.

हा शब्द वापरून मी स्वतः शिकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पहिल्याच दिवशी टाचांच्या कडेवर डावीकडे, मग उजवीकडे असं हेलकावत खाली यायला शिकवतात, गळणारं पान येतं तसं. त्यातला एक हेलकावा पायपालटच असतो, पण तेव्हा त्याला नाव दिलेलं नसतं, म्हणून भीतीही नसते. पुढे ‘आता स्विच’ असं कानावर पडलं की अंग आखडतं. वजन आपसूक डोंगराकडच्या, म्हणजे सवयीच्या पायावर जातं. फळी मात्र पुढच्या पायानं वळते, आणि त्यावर वजनच नसल्यामुळे ती ऐकत नाही. “उजव्या गुडघ्यावर ये, त्याच खांद्यावरून खाली बघ” हे मला शंभरदा ऐकावं लागलं.

स्पर्धांमधल्या उड्यांची नावं मात्र आहेत तशी राहू द्यावीत. स्विच पवित्र्यातून घेतलेल्या फ्रंटसाइड, म्हणजे छाती आधी उताराकडे वळणाऱ्या, गिरकीला ‘कॅब’ म्हणतात, ते स्केटबोर्डपटू स्टीव्ह कॅबालेरो यांच्या नावावरून. अशा नावाचं भाषांतर केलं तर माणूसच हरवतो.

आणि दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेनं उतरणाऱ्याला काय म्हणावं? सव्यसाची. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या नावांचे अर्थ सांगतो, तेव्हा या नावाचं कारण असं देतो की गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच आहेत. डावा हातही उजव्याच्या तोलाचा, असा त्याचा भाव. हाताचा शब्द पायाला लावतोय हे मला कळतं, आणि डावखुऱ्याच्या बाबतीत मी नेमकी हीच तक्रार केली. पण सव्यसाची म्हटल्यानं कोणता पाय पुढे याचा घोटाळा होत नाही, दोन्ही बाजू सारख्या एवढंच कळतं.

तेव्हा आईला असं लिहा: “माझा डावा पाय पुढे असतो. या आठवड्यात पायपालट शिकतोय. तोंड बाजूलाच असतं, पाठमोरा उतरत नाही, काळजी करू नकोस.”