मायनर चुकला तर दोष कोणाचा? विद्यार्थ्याचा की मेंटरचा?

ताई, प्रश्न वाचला. मुलगी डिचोलीहून कॉलेजला जाते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मायनर म्हणून, म्हणजे मुख्य विषयाच्या (मेजरच्या) जोडीला दुय्यम म्हणून घेतलेला विषय तिला आता नकोसा झालाय, आणि मेंटर सर, म्हणजे तिला नेमून दिलेले मार्गदर्शक शिक्षक, म्हणतात, "फॉर्मवर सही तुझी आहे." मग मेंटर हवाच कशाला, असं तुम्ही विचारताय. मी कॉलेजात शिकवतो, दरवर्षी माझ्याकडेही मेंटरशिपची मुलं असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरांचं चुकलंच. पण विषय निवडून दिला नाही म्हणून नव्हे. ते त्यांचं कामच नाही. निवडलेल्या विषयामुळे पुढे कुठली वाट उघडते आणि कुठली बंद होते, हे वेळेवर सांगणं त्यांचं काम. पूर्वी विषयांचे गट ठरलेले असायचे, त्यामुळे सांगण्यासारखं फार नसायचं. गोव्यात २०२३-२४ पासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि मेजर, मायनर, कौशल्याचे कोर्स, मूल्यवर्धित कोर्स हे सगळं सतरा-अठरा वर्षांच्या मुलांपुढे एकदम येऊन पडलं.

एकच उदाहरण देतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, म्हणजे कोर्स पूर्ण केल्यावर जमा होणारे श्रेयांक, आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पण चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. ही गोष्ट मुलाला पाचव्या सेमिस्टरला कळली तर तिचा उपयोग शून्य. ती पहिल्याच भेटीत सांगायची असते. तसंच पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं; त्यासाठी ४० क्रेडिटशिवाय उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स करावा लागतो, हे मात्र फारच थोड्यांना.

काही ठिकाणी मेंटरिंग म्हणजे नुसतं रजिस्टर असतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायची म्हटलं की मुलांना कॉरिडॉरमध्ये उभं करून वर्षभराच्या भेटींच्या सह्या एका दुपारी उरकतात. अशा सह्यांच्या जोरावर "तुला सांगितलं होतं" असं कोणी म्हणत असेल, तर त्याला काही अर्थ नाही.

आता मुलीची बाजू. "सर, मी कुठला विषय घेऊ?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नसतं. सर फार तर स्वतःच्या आवडीचा विषय सुचवतील. "मेजर फिजिक्स आहे, मॅथ्सचा मायनर सोडला तर एम.एस्सी.च्या प्रवेशाला अडेल का?" असं विचारलं, की सरांना उत्तर शोधावंच लागतं, नाहीतर विभागप्रमुखांकडे पाठवावं लागतं. भेटीला जाताना मार्कशीट, अभ्यासक्रमाची प्रत आणि ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन बँकेच्या) खात्यात खरोखर काय जमा झालंय ते बघून जायचं. आणि घरी आल्यावर दोन ओळींचा ईमेल: "सर, आज आपलं असं असं ठरलं." मुलांना हे लिहायचा भारी कंटाळा, पण वाद झाला की तोच कामाला येतो.

मेंटरलाही मर्यादा असतात. तास, पेपर तपासणी, परीक्षेची ड्युटी सांभाळून तो हे करतो. पैशांची अडचण असेल, मन लागत नसेल, तर नीट ऐकून घेऊन योग्य माणसाकडे पाठवणं एवढंच त्याच्या हातात. तो समुपदेशक नव्हे.

आणि ताई, राग मानू नका, पालकांबद्दलही बोलतो. जूनमध्ये ॲडमिशनच्या टेबलापाशी वडील बोलतात, आई मान हलवते आणि ज्याला शिकायचंय तो मोबाईल बघत असतो. मी हल्ली वडिलांना कँटीनमध्ये चहाला पाठवतो. ते परत येईपर्यंत मूल बरंच बोललेलं असतं.

तुमच्या मुलीपुरतं सांगायचं तर मिळालेले क्रेडिट वाया जात नाहीत. बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात. ते नव्या मायनरमध्ये धरले जातील का, की वेगळे मोजले जातील, आणि तिच्या कॉलेजात त्या विषयाला जागा आणि वेळापत्रकात सोय आहे का, हे दोन प्रश्न तिने लेखी विचारावेत, आधी मेंटरना, मग विभागप्रमुखांना. हे याच आठवड्यात व्हायला हवं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुटीपर्यंत थांबली तर नव्या वर्गात बराच भाग शिकवून झालेला असेल.